उजवा हातमोजा

प्रिय दादा,

'प्रिय' वाचून हुरळून जाऊ नकोस. पत्राची सुरुवात अशी करतात हे शाळेत असताना तूच मला शिकवलंस, आणि दुसरी सुरुवात मला येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. फोन तू उचलत नाहीस. वहिनी उचलते आणि दादा आंघोळीला गेलेत म्हणून सांगते. चौकशीत तू साक्ष दिलीस त्या दिवसापासून तू आंघोळच करतोयस म्हटल्यावर आता किती स्वच्छ झाला असशील ह्याची मला कल्पना आहे. म्हणून लिहायला बसले. कागद गिरणीतल्या तुझ्याच मशीनचा आहे, कडेला सुरकुती पडलेला, आमच्या लॅबने नापास करून टाकून दिलेला. तुझ्यासाठी चांगला कागद विकत आणावा असं काही मनात आलं नाही.

आधी घरची खबरबात, म्हणजे बहीण एकदम अंगावर आली असं व्हायला नको. आई अजून माझ्याकडेच आहे. अपघात झाला तेव्हा चार दिवसांसाठी म्हणून आली होती, ती राहिली. तिचा गुडघा दुखतो, जिना चढताना देवाचं नाव घेते आणि उतरताना तुझं. तू एकदाही आला नाहीस हे ती बोलून दाखवत नाही. लांब्याच्या शर्टाची बटणं ती लावते, कारण मी लावायला गेले की तो शरमतो. हो, तुझा मेहुणा, ज्याला मशीनवर सगळे लांब्या म्हणतात, तो बरा आहे. उजवा हात कोपराच्या खाली जिथे संपतो तिथली जखम भरली. डॉक्टर म्हणाले, छान भरली. डाव्या हाताने जेवायला शिकला, सही करायला शिकतोय. रोज टेबलाशी बसून पानभर सह्या करतो आणि मला दाखवतो, पहिलीतल्या मुलासारखा. मी चांगल्या आहेत म्हणते आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटते.

आता मुद्द्याचं. चौकशीच्या खोलीत तू काय बोललास ते मला चौघांकडून कळलं आणि चौघांचंही सांगणं तंतोतंत जुळलं. साहेबांनी तुला विचारलं, कागद तुटल्यावर त्याची शेपूट हाताने मशीनमध्ये टाकायची पद्धत तुमच्याकडे आहे का? तू म्हणालास, नाही. तुम्ही कुणाला तसं करायला सांगितलंत का? आठवत नाही. ह्या कामगाराने असं पूर्वी कधी केलेलं पाहिलंत का? आठवत नाही. हातमोजा त्याने का काढला असेल? सांगता येत नाही. दादा, ज्या माणसाला माझी सातवीतली गुणपत्रिका अजून तोंडपाठ आहे आणि ती चारचौघांत म्हणून दाखवायची हौस आहे, त्याची स्मरणशक्ती अशी एकाएकी गेली हे ऐकून मला काळजीच वाटली. म्हणून म्हटलं, आपणच आठवण करून द्यावी. अगदी लाकडापासून सुरू करते, म्हणजे मधलं काही सुटायला नको.

गिरणीच्या मागच्या अंगाला लाकडाचं आवार आहे. तिथे ट्रकमधून ओंडके येतात, मोठ्या फिरत्या पिंपात एकमेकांवर आपटून त्यांची साल निघते आणि मग ते चिपरच्या तोंडात जातात. चिपर म्हणजे लोखंडी चकती आणि तिच्यावर पाती. आख्खा ओंडका आत घेते आणि दुसऱ्या बाजूने बोटाएवढ्या ढलप्या ओकते. तिथे आपले बाबा उभे असायचे. तो आवाज त्यांच्या कानांत जाऊन बसला आणि कान घेऊन गेला. आपल्या घरात कुजबूज म्हणून कधी झाली नाही. मीठ मागायचं तर ओरडून, लाड करायचे तेही ओरडून. शेजाऱ्यांना वाटायचं आपल्याकडे रोज भांडण असतं. लहान असताना आईच्या पर्समधलं काहीतरी तू लांबवलं होतंस आणि मी ते बाबांना हळूच सांगायला गेले, तर त्यांना ऐकू जाईपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं. तू मला आठवडाभर चहाडखोर म्हणायचास. तेव्हा निदान 'मी केलं नाही' असं तू म्हणाला नव्हतास.

ढलप्या फिरत्या पट्ट्यावरून डायजेस्टरमध्ये जातात. तीन मजली उंच हंडा, आत तिखट औषधं, वाफ आणि दाब. तिथे लाकूड शिजतं. लाकडाचे धागे ज्या चिकट पदार्थाने एकमेकांना धरून असतात तो विरघळून काळं पाणी होतं, आणि उरतो तो तपकिरी लगदा. हंडा रिकामा करायच्या वेळी सडक्या अंड्यांसारखा वास सुटतो तो सगळ्या वस्तीत शिरतो, वाळत घातलेल्या कपड्यांत, उशांत, केसांत. शाळेत बाहेरगावची मुलं आपल्याला नाक धरून दाखवायची. तू त्यातल्या एकाचं नाक फोडलं होतंस आणि मला म्हणाला होतास, आपल्या घामाचा वास आहे तो, लाज वाटून घ्यायची नाही. मी ते वाक्य पुढे कित्येक वर्षं जपलं. आता वाटतं, तुला फक्त नाक फोडायला निमित्त हवं होतं.

मग लगदा धुतात. काळं पाणी निघून जातं, ते बॉयलरमध्ये जाळून त्यातलं औषध परत मिळवतात. आपल्या गिरणीत काही वाया जात नाही, माणसं सोडून. धुतलेला लगदा ब्लीच होऊन पांढरा होतो, मग पोलादी पात्यांत कुटला जातो, म्हणजे धाग्यांना केसाळ टोकं फुटतात आणि ती एकमेकांत गुंततात. इथे मी येते. बादलीतून नमुना आणायचा, जाळीच्या भांड्यात ओतायचा, पाणी किती झपाट्याने निथळतं ते मोजायचं. पाणी फार लवकर गेलं तर कुटणं कमी पडलं, कागद फाटणार. उशिरा गेलं तर जास्त कुटलं, मशीनवर पाणी सुटणार नाही. कमीजास्त झालं की तू वरून फोन करायचास आणि लॅबमधल्या बायका झोपा काढतात का म्हणून विचारायचास. लॅबमधल्या बायका म्हणजे मी एकटीच होते हे तुला चांगलं ठाऊक होतं. जेवणाच्या सुट्टीत आम्ही डबा एकत्र खायचो तेव्हा तू त्यावर हसायचास, मीही हसायचे. नाकाने कांदे सोलायची तुझी ती हौस मला तेव्हा गोड वाटायची.

आणि मग तुझं राज्य, मशीन. शंभर भाग पाण्यात एक भागसुद्धा लगदा नसतो, असलं दुधाच्या धुवणासारखं पाणी धावत्या जाळीवर पडतं, जाळीखालून पाणी ओढलं जातं आणि जाळीच्या टोकाशी ओला कागद उभा राहतो. तिथून तो प्रेसच्या रोळांतून पिळून निघतो आणि ड्रायरमध्ये शिरतो. दोन ओळींत मांडलेली वाफेने तापलेली ती पिंपं, त्यांना आवळून बसलेलं जाड कापड, आणि कागद वरच्या पिंपावरून खालच्या पिंपावर असा नागमोडी धावतो तो थेट शेवटी रिळावर गुंडाळला जाईपर्यंत. सगळं नीट चाललं की मशीनवर माणसाला काही काम नसतं. लोक नुसते बघत उभे असतात. काम पडतं ते कागद तुटला की.

कागद तुटला की काय करतात ते तुला आठवत नाही, नाही का? ओल्या बाजूला पाण्याच्या पिचकारीने कागदाची वीतभर रुंदीची पट्टी कापतात. ती शेपूट. मशीन चालूच असतं. ती शेपूट आधी आख्ख्या ड्रायरमधून पार करायची, ती रिळापर्यंत पोचली की मग रुंद करत करत पूर्ण कागद आणायचा. पार करायला पिंपांच्या कडेने दोन रश्श्या धावतात, त्यांच्या चिमटीत शेपूट धरली की रश्श्या तिला घेऊन जातात. पुस्तकात असं आहे. पण तुझ्या मशीनवरच्या रश्श्या ढिल्या पडतात, नेहमीच पडतात, आणि तिसऱ्या-चौथ्या पिंपाशी शेपूट सुटून खाली लोंबते. अशा वेळी मशीन थांबवून रश्शी ताणून घ्यायची, असंही पुस्तकात आहे. पण मशीन उभं राहिलं की फोरमनला, म्हणजे तुला, साहेबांपुढे उभं राहावं लागतं. म्हणून मग कुणीतरी वाकतो, लोंबणारी शेपूट उचलतो, तिचा बोळा करून दोन बोटांत धरतो आणि जिथे कापड आणि पिंप एकमेकांना भिडतात त्या फटीत झटक्याने टाकतो. जमलं तर फट ती गिळते आणि कागद पुढे पळतो. हे तुझ्या मशीनवर दर पाळीला होतं. काचेच्या केबिनमध्ये बसून उंटावरून शेळ्या हाकायला लागल्यापासून तुला ते दिसत नसेल, असं मी एकदा स्वतःला समजावून बघितलं. पण ती केबिन बरोबर तिसऱ्या पिंपासमोर आहे.

त्या दुपारी लांब्याने तेच केलं. बोटांना बोळा चिकटला, बोळ्याबरोबर बोटं गेली, बोटांबरोबर हात. मी लॅबमध्ये होते. मशीनचा आवाज बसत गेला, तेव्हा मला वाटलं वीज गेली. वर पोचले तेव्हा त्याला खाली आडवं केलं होतं आणि तो माझ्याकडे बघून म्हणाला, तू कशाला आलीस, इथे सगळं ओलं आहे, घसरशील. तू तिथेच होतास. तुझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ते मी पाहिलंय, ते मी नाकारत नाही. अँब्युलन्समध्ये तू माझ्याशेजारी बसलास आणि सबंध रस्ताभर माझा खांदा धरून ठेवलास. म्हणूनच जास्त संताप होतो. परक्याने केसाने गळा कापला तर माणूस परक्याला शिव्या देऊन मोकळं होतं.

चौकशीत सुरक्षा अधिकाऱ्याने एक हातमोजा वर धरून दाखवला म्हणे. लांब्याच्या मागच्या खिशात सापडलेला, उजव्या हाताचा, जवळजवळ कोरा. कंपनीने दिलेलं साधन वापरलं नाही, हा घ्या पुरावा. सगळ्यांनी माना हलवल्या, आणि तू खिडकीबाहेर बघत बसलास. दादा, मोजा घालून शेपूट टाकता येत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? जाड मोज्याच्या बोटांना ओला कागद कळत नाही आणि मोज्याचं टोक फटीत आधी जातं. म्हणून उजवा मोजा काढायचा, मागच्या खिशात खोचायचा, डाव्या हाताने कठडा धरायचा आणि उघड्या हाताने टाकायचं. तुझ्या मशीनवरचा प्रत्येक माणूस हे असंच करतो. डावा मोजा तापलेल्या कठड्यावर घासून फाटतो, उजवा खिशात राहून कोरा राहतो. फाटका डावा दाखवला की स्टोअरवाला नवी जोडी देतो आणि उजवा उरतो तो घरी येतो.

हे फक्त आपल्या वस्तीतच होऊ शकतं. मशीनवाल्या कुठल्याही माणसाच्या स्वयंपाकघरात जा, चुलीशेजारी खिळ्याला उजव्या हाताचे मोजे लटकत असतात. बायका दोन्ही हातांत उजवेच मोजे घालून गरम पातेली उतरवतात. डाव्या हातावर अंगठा भलतीकडे येतो, मग तो रिकामा अंगठा तसाच लोंबत राहतो. आईने आयुष्यभर तसंच केलं, वहिनी तसंच करते, मीही. वहिनीने एकदा गमतीने म्हटलं होतं की ह्या गिरणीत डाव्या हाताची माणसंच नोकरीला ठेवत नाहीत वाटतं. आपण सगळे हसलो होतो आणि सगळ्यांत मोठ्याने तू. तेव्हा तुला कळत होतं की हसतोय कशाला. तुझ्या साक्षीनंतर, हे मोजे साहेबांपुढे ठेवायला म्हणून, मी घराघरांतून फिरले. प्रत्येकीने खिळ्यावरचे मोजे काढून माझ्या हातात दिले, कुणी का म्हणून विचारलं नाही. त्यांचे नवरे मात्र दाराआड उभे राहिले. नोकरी सगळ्यांना आहे, मी त्यांना काही म्हणत नाही. त्यांनी निदान तोंड बंद ठेवलं, तू ते उघडलंस.

तुला नव्या मशीनचा मुख्य करणार आहेत हे मला कळलंय. हाताने शेपूट टाकायची पद्धत आहे असं मान्य केलंस की पुढचा प्रश्न ती कुणी पाडली हा येतो, आणि त्याच्या पुढे तुझं मोठं होणं राहिलं बाजूला, आहे ती खुर्चीही जाते. हे सगळं मला समजतं, मी दूधखुळी नाही. तू मला बाजूला घेऊन म्हणाला असतास, की बाई गं, मला भीती वाटते, माझी फजिती होईल, तर मी तुझ्यावर ओरडले असते आणि मग दोघांनी मिळून काहीतरी मार्ग काढला असता. पण तू आंघोळीला गेलास.

आणि हेही मी गिळलं असतं. माणसं नोकरीसाठी खोटं बोलतात, जगात तू पहिला नाहीस. मला जे गिळवत नाही ते वेगळंच आहे. तू बोलत होतास तेव्हा लांब्या त्याच खोलीत टोकाच्या खुर्चीवर बसला होता, बाही पिन लावून वर केलेली. तू म्हणालास अशी पद्धत आमच्याकडे नाही, आणि त्याने मान हलवली. हो म्हणून! घरी आला, पाणी प्यायला आणि मला म्हणाला, दादा बरोबर बोलले, चूक माझीच होती, मी मोजा काढायला नको होता. मला वाटलं तुला वाचवायला म्हणत असेल, त्याचा स्वभाव तसा आहे. पण तसं नाही. त्याला ते खरंच वाटायला लागलंय. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तो सांगतो, मी नियम मोडला. आईची माफी मागतो, माझी मागतो, दूधवाल्याला आपल्यामुळे उशीर झाला म्हणून त्याची मागतो. मशीनवरच्या माणसांची नक्कल करून आख्ख्या कँटीनला लोळवणारा माणूस, आता खोलीत शिरताना दारावर टकटक करतो. स्वतःच्याच घरात. तो तुला मानतो, दादा. त्याला वडील नव्हते, तुझाच शब्द त्याने वडिलांचा धरला. तू नाही म्हणालास म्हटल्यावर त्याने आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं खोटं ठरवलं. हात मशीनने नेला. उरलेला माणूस तू नेलास, ते मशीनचं काम नव्हतं.

चौकशीचा निकाल चूक कामगाराची असा लागला की हे कायमचं होईल. मग मी जन्मभर समजावलं तरी तो मान डोलवेल आणि मनात कंपनीचा कागद वाचत राहील. मला तो निकाल लागू द्यायचा नाही. बाकी मला काही नको, तुझी खुर्ची तर मुळीच नको.

आता एक शेवटची आठवण, आणि ही तुला नाही असं म्हणून दाखवच. मी लॅबमध्ये नवीन होते, रिळावरून नमुन्याची पट्टी कापून न्यायला वर यायचे. लांब्या मशीनवर नवीन होता. मी आले की त्याच्या हातातलं काहीतरी खाली पडायचं, आणि हे तुझ्या लक्षात आलं होतं. एका दुपारी कागद तुटला. रश्शीवाला रश्शी ताणायला निघाला तर तू त्याला हाताने थांबवलंस. लांब्याला पुढे बोलावलंस, मला म्हणालास, तू जाऊ नकोस, उभी राहा. त्याला सांगितलंस, मोजा काढ. खिशात घाल. कठडा धर. फटीकडे बघू नकोस, मनगट झटक आणि हात मागे घे. पहिल्या वेळी शेपूट चुरगळून खाली आली. दुसऱ्या वेळीही. तिसऱ्या वेळी फटीने ती गिळली आणि कागद पळाला. तू त्याच्या पाठीत थाप मारलीस आणि मशीनच्या आवाजावर आवाज काढून मला ओरडून सांगितलंस, ह्याचा हात घाबरत नाही, ह्याच्या हातात तुझा हात द्यायला माझी ना नाही! माझे कान तापले होते. लग्नातही तू ही गोष्ट पंगतीत उभं राहून सांगितलीस, हातवारे करून, आणि सगळी माणसं हसून हसून लोटपोट झाली. त्या दिवशी माझ्यासारखा भाऊ कुणाला नाही असं मला वाटलं होतं.

आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? परवा सकाळी चौकशीत माझी साक्ष आहे. मीच जाऊन नाव दिलं. लांब्याला सांगितलेलं नाही. सांगितलं तर तो माझ्यापुढे हात जोडेल, म्हणजे जोडायला जाईल, आणि मग माझ्याने व्हायचं नाही. आईला सांगितलं. तिने आपली पिशवी भरायला घेतली आणि म्हणाली, पत्र माझ्याकडे दे, मी नेऊन देते. तेव्हा तिच्यासाठी दार तुला उघडावं लागेल आणि तिच्यासमोर तुला आंघोळीला जाता येणार नाही. पाठीमागून वार करायची आपल्या घराची रीत नाही, म्हणून आधी कळवतेय, दया मागायला नव्हे. माझ्याआधी तू उठून खरं बोललास तर मी खाली बसेन आणि एक शब्द काढणार नाही. नाही बोललास, तर मी उभी राहीन. उभं राहिलं की साहेब पहिल्यांदा विचारतात, इथल्या कुणाशी तुमचं नातं आहे का? नवरा म्हटलं की ते मनातल्या मनात पेन खाली ठेवतील, बायको दुसरं काय बोलणार. मग मी तुझ्याकडे बोट दाखवेन आणि सांगेन, हा माझा सख्खा, पाठचा नव्हे, थोरला भाऊ, ह्याने मला बोट धरून शाळेत नेलं, आणि हाताने शेपूट टाकायला ह्यानेच माझ्या नवऱ्याला माझ्यादेखत शिकवलं, त्यात तो पास झाला म्हणून मला त्याला दिली. सख्ख्या भावाविरुद्ध खोटं सांगायला कुठलीही बहीण एवढ्या माणसांत येत नाही, हे त्या खोलीत प्रत्येकाला कळतं. त्यानंतर मला माहेर उरणार नाही, हे मलाही कळतं. पण तू माझा भाऊ आहेस, म्हणून माझ्या शब्दावर विश्वास बसेल, आणि तू माझा भाऊ असण्याचा एवढा एकच उपयोग मला आता शिल्लक राहिलाय. तो मी परवा करून घेणार आहे.

तुझीच, परवा सकाळपर्यंत तरी,
धाकटी